गावचा देव कुणकेश्वराला निघतो तेव्हा

वारी म्हटलं की महाराष्ट्राला पंढरपूर आठवतं. आमच्या देवगडाकडे महाशिवरात्रीला आणखी एक वारी निघते, समुद्राकडे. गावचा देव स्वतः तीर्थस्नानाला कुणकेश्वराला, समुद्रकाठच्या शंकराच्या देवळाकडे, जातो आणि गाव त्याच्या मागून चालतं. देव दरवर्षी निघत नाही. बारा-पाचाची, म्हणजे गावच्या मानकऱ्यांची, बैठक होते, देवाचा कौल लागतो, मगच तरंगांना, म्हणजे खांद्यावरून न्यायच्या देवाच्या खांबांना, साड्या नेसवायच्या. म्हणून ज्या वर्षी देवस्वारी निघते, त्या वर्षी मुंबईचे चाकरमानीही रजा टाकून गावात हजर होतात. मीही त्यातलाच.

आमचं गाव जामसंड्याच्या पलीकडे, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "होय महाराजा" झालं आणि ढोल-ताशांच्या गजरात आम्ही उतरणीला लागलो. माघ सरत आलेला, हापूसच्या बागांत मोहोर आणि कैऱ्या एकाच फांदीवर. मी चपला पायांत सरकवणार तोच वाडीतली काकी म्हणाली, "झिला, तरंग घेतलेलो अनवाणी चलता, मगे आपण कित्याक चपला घालायच्यो?" कातळाच्या रस्त्यावर पाय भाजले. पण बाजूला काकी ज्या वेगाने चालत होती, ते बघून तक्रार सुचलीच नाही. वाटेत घराघरांतून आरत्या घेऊन बायका थांबलेल्या. कुणी सरबत देत होतं, कुणी शहाळी. अंधार पडल्यावर देवगडच्या किल्ल्यावरच्या दीपगृहाचा झोत मधूनच आभाळात फिरून जाई.

रात्री तारामुंबरीला वस्ती केली. तारामुंबरी आणि मिठमुंबरीच्या मध्ये खाडी आहे. आता तिच्यावर पूल झालाय, पण जुनी माणसं तरीच्या होडीतून पार व्हायच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. पूल ओलांडून पहाटे पुळणीवर उतरलो. अमावास्या जवळ आली की या किनाऱ्यावर पहाटे मोठी ओहोटी असते, त्यामुळे पाणी लांब मागे गेलेलं आणि ओली वाळू फरशीसारखी घट्ट. चालायला यापेक्षा चांगली वाट मला ठाऊक नाही. चंद्र नाही, उजव्या हाताला काळा समुद्र, पुढे ढोल.

त्याच काळोखात एका जाणत्या मानकऱ्याने कुणकेश्वराची गोष्ट काढली. लहानपणापासून ऐकलेली. एका परदेशी व्यापाऱ्याचं गलबत वादळात सापडलं. कुणी त्याला इराणी म्हणतात, कुणी अरब. त्याला किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला. "वाचलो तर तुझं देऊळ बांधीन," असं तो त्या दिव्याच्या देवाला बोलला. वाचला, आणि देऊळ बांधलं. पण दुसऱ्याच्या देवाचं देऊळ बांधल्यावर आपली माणसं आपल्याला जवळ करणार नाहीत, या विचाराने त्याने शिखरावरून उडी घेतली. मंदिरालगत त्याची कबर दाखवतात. ही गोष्ट मी घरी, पडवीत बसून कितीदा ऐकली असेल. पण भर काळोखात किनाऱ्याने चालताना, जिकडे बघावं तिकडे पाणीच दिसत असताना, दूर लुकलुकणारा एकेक दिवा मी हावरेपणाने शोधत होतो. नवस बोलणाऱ्या त्या माणसाची तगमग मला तिथे पहिल्यांदा कळली.

उजाडता उजाडता शिखर दिसलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "हर हर महादेव" निघालं. देऊळ अगदी समुद्राला खेटून उभं आहे. ओहोटी असल्याने खाली खडकात कोरलेली शिवलिंगं उघडी पडली होती, त्यांच्यावरून पाणी येत होतं, जात होतं. ती पांडवांनी घडवली असं सांगतात: काशीत एकशे आठ, इथे एकशे सात, म्हणून ही कोकणची काशी. देवळाच्या पूर्वेकडच्या डोंगरात 1920च्या सुमारास एक गुहा सापडली. तिच्यातले दगडी मुखवटे जरूर बघावेत. शिरोभूषणं इतकी निगुतीने कोरलीत की पाथरवटाचा हात जाणवतो. जत्रेच्या गर्दीत बरेच जण तिकडे फिरकतही नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी अमावास्येला तीर्थस्नान झालं. गावोगावचे तरंग, निशाणं, अब्दागिऱ्या लाटांत उतरल्या. खांद्यावरचा भार सावरत मानकरी कमरेएवढ्या पाण्यात उभे, आणि आम्ही त्यांच्याभोवती कडं करून. काकी लुगडं खोचून थेट पुढे. स्नानानंतर मी त्या व्यापाऱ्याच्या कबरीकडे गेलो, तर काकी आधीच तिथे पोचलेली. तिने हात जोडले आणि मला म्हणाली, "ह्येनाच तर देऊळ बांधल्यान. ह्येच्या पाया पडल्याशिवाय खय चल्लंस?"

मी पाया पडलो. दुपारी भरती पुळणीवर चढली, तेव्हा परतीला आम्ही वरचा रस्ता धरला. खाज्याचे पुडे घेऊन, देवाच्या मागून.