वाहाकाला जा, पण एकाच पदार्थासाठी

मोले नेग्रो, म्हणजे वाळलेल्या मिरच्यांचा दाट काळा रस्सा, करताना मिरच्यांच्या बिया फेकायच्या नसतात. त्या कोमालवर, म्हणजे मातीच्या मोठ्या तव्यावर, पार काळ्या होईपर्यंत जाळायच्या आणि मग पाणी बदलत बदलत भिजवून त्यांचा कडवटपणा काढायचा. हे काम घरात होत नाही. अंगणात, वारा कुठून येतोय ते बघून करायचं, कारण त्या धुराने असा ठसका लागतो की बोलणंही सुचत नाही. आपल्याकडे काळा मसाला भाजतानाही आळीभर खोकला ऐकू येतो, पण मिरची करपली की आपण हळहळतो. मेक्सिकोच्या वाहाका राज्यात या करपण्यावरच सगळा पदार्थ उभा आहे. बियांबरोबर मक्याची एक अख्खी पोळीही जाळून त्यात घालतात.

हा एकच पदार्थ शिकायचा, असं ठरवून मी तिथे गेले. परदेशात स्वयंपाक शिकवणाऱ्या सहली आता भरपूर निघतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सकाळी बाजारात फेरी, मग दुपारपर्यंत चार-पाच पदार्थ आणि जेवण असा बेत असतो. वाटण आधीच तयार, पीठ मळलेलं. आपण फक्त ढवळायचं. अशा वर्गातून पोट भरून निघता येतं, पण हाताला काही लागत नाही. म्हणून वाहाका शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर असलेल्या तेओतितलान देल व्हाये या विणकरांच्या गावात, एका घरी शिकायचं ठरवलं. घरात झापोतेक भाषा. बाई त्या भाषेत बोलायच्या, त्यांची मुलगी स्पॅनिश आणि थोड्या इंग्रजीत मला सांगायची. मी त्यांना सेन्योरा म्हणायचे.

पहिला धडा बाजारात झाला. जवळच्या त्लाकोलुलाचा आठवडी बाजार रविवारी भरतो आणि सगळ्या खोऱ्यातली गावं तिथे लोटतात. ऑक्टोबर संपत आला होता, मृतांच्या सणाची खरेदी जोरात होती, आणि झेंडूचे भारेच्या भारे येऊन पडत होते. आपण दसऱ्याला दारी बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. फळांच्या राशीत चिकू दिसला, सीताफळाचे भाऊबंद दिसले. घोलवडचा चिकू इतका आपला झालाय की त्याचं माहेर इकडे आहे हे विसरायला होतं. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, सगळे अमेरिका खंडातून निघालेले. मिरची तर पोर्तुगिजांनी आणली आणि गोव्यातून आपल्या स्वयंपाकघरात शिरली.

मिरच्यांच्या दुकानापाशी सेन्योरा बराच वेळ थांबल्या. मोले नेग्रोची खरी मिरची चिलवाक्ले. बुटकी, फुगीर, जवळजवळ काळी. ती वाहाकातल्याच कुइकातलानच्या भागात होते, पीक थोडं येतं, त्यामुळे भाव चढा. तिच्या जोडीला मुलातो आणि पासिया. यांतली कुठलीच जाळ तिखट नाही; रंग आणि चवीसाठी आपण बेडगी घालतो तसं यांचं काम. सेन्योरा एकेक मिरची वाकवून बघत होत्या. कडकन तुटली तर परत ठेवायच्या, चामड्यासारखी वाकली तर पिशवीत.

गावी आल्यावर मोलेला हात लावायच्या आधी मका शिजवला. हा भाग मला मोलेइतकाच मोलाचा वाटतो. कोरड्या मक्याच्या दाण्यांत पाणी आणि चुना घालायचा, किलोला साधारण दहा ग्रॅम. सालं सुटायला लागेपर्यंत मंद शिजवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पिवळं पाणी ओतून दाणे चोळून धुवायचे. याला निक्स्तामाल म्हणतात. चुन्याने साल निघते, पीठ चिकट होऊन पोळी न फाटता थापता येते, आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपाने मका नेला पण ही रीत नेली नाही. मग जिथे गरिबांना मक्यावरच दिवस काढावे लागले तिथे पेलाग्रा या रोगाने माणसं मेली. ज्या बायकांनी हे हजारो वर्षांपूर्वी शोधून काढलं त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

उजाडायच्या आत बादली घेऊन गिरणीवर गेलो. गिरणीला तिथे मोलिनो म्हणतात. ओला मका दळतात. रांगेतल्या सगळ्या बायका एकमेकींना नमस्कार करत होत्या, मलाही केला. दळून आणलेलं पीठ पुन्हा मेताते या दगडावर वाटायचं. मेताते तीन पायांचा आणि पुढे उतरता असतो. त्याच्यामागे गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही हातांनी लांब वरवंटा पुढे लोटायचा. जोर हातांचा नाही, कमरेचा. पोळ्या भाजायच्या कोमालला आधी चुन्याचं पाणी फासतात, मग पोळी चिकटत नाही.

मोले लावायला दुसरा पूर्ण दिवस गेला. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. तीळ वेगळे, शेंगदाणे वेगळे, बदाम वेगळे, मनुका फुगेपर्यंत तळायच्या. पिकलेलं राजेळीसारखं केळं, पावाचा तुकडा, कांदा, लसूण, टोमॅटो आणि हिरवे आंबट मिल्तोमाते. त्यानंतर लवंग, दालचिनी, मिरी, ओव्याच्या वासाकडे झुकणारा ओरेगानो आणि बडीशेपेसारखा वास असलेली अ‍ॅव्होकाडोची पानं. मिरी ओळखीची वाटली, अर्थात. आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरची ती वेल. आपली मिरी त्यांच्या मोलेत आणि त्यांची मिरची आपल्या मसाल्यात.

मिरच्या भाजताना सेन्योरांनी माझा हात धरून ठेवला. मुलीने सांगितलं, "आई म्हणते, आधी मिरची फुगेल, मग वास बदलेल. तंबाखूसारखा वास आला की लगेच काढ." तो क्षण कुठल्याही पुस्तकात मिनिटांत सांगता येणार नाही. सगळं वाटून झाल्यावर मातीच्या खोल भांड्यात चरबीत परतायचं, कोंबडीचं पाणी थोडं थोडं घालत राहायचं आणि ढवळणं सोडायचं नाही. शेवटी साखर, मीठ आणि दालचिनी घालून वाटलेलं तिथलं चॉकलेट, तेही जेमतेम. मोले म्हणजे चॉकलेटची आमटी हा समज वाहाकात पहिल्या घासाला जातो. आधी धूर लागतो, मग किंचित गोड, आणि तिखट अगदी मागून येतं.

शाकाहारी मंडळींनी आधीच स्पष्ट बोलून ठेवावं, कारण चरबी आणि कोंबडीचं पाणी इथे गृहीत असतं. सांगितलं तर तेलात आणि भाज्यांच्या पाण्यात करून देतात. वाहाकाला सात मोलेंची भूमी म्हणतात, पण सातही एका सहलीत शिकवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. मेक्सिको सिटीहून विमानाने तासाभरात पोचता येतं. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही; तरी निघण्याआधी नियम तपासून घ्या.

चिलवाक्ले पुण्यात मिळत नाही आणि बेडगीवर केलेल्या रश्शाला मी मोले म्हणणार नाही. निक्स्तामाल मात्र घरी नक्की करता येतो. सातपुड्याकडचा पांढरा, पूर्ण वाळलेला मका घ्या. स्वीटकॉर्न चालणार नाही. पानाला लावतात तो खाण्याचा चुना वापरा, आणि भांडं स्टीलचं घ्या, कारण चुना अ‍ॅल्युमिनियमला खातो. सकाळी दाणे तीन-चार पाण्यांतून चोळून धुवा. वाटताना पाणी अगदी शिंपडण्यापुरतं घाला, नाहीतर गोळा सैल होतो आणि पोळी तव्यावर उचलता येत नाही.