मधला गोळा

मे महिन्यातल्या एका दुपारी कूलरच्या घरघरीत डोळा लागला आणि उठून स्वयंपाकघरात आले, तो डोनटसाठी भिजवलेल्या मैद्याने पातेल्यावरचे झाकण एका बाजूने उचलून धरले होते. कृतीत दीड तास सांगितलेला असतो. नागपुरात, बाहेर पारा 45 अंशांवर असताना, त्याला पाऊण तासही पुरतो. यीस्टला ऊब लागते, आणि आम्हा सगळ्यांना नकोशी झालेली ती ऊब एवढ्या आनंदाने उपभोगणारे घरात दुसरे कोणी नसते. गोळ्याला किंचित आंबूस वास येऊ लागला होता. तो दाबून त्यातली हवा काढली आणि भाचीला हाक मारली, कारण हा सगळा हट्ट तिचाच होता.

आमच्याकडे डोनटचा साचा नाही. चकती स्टीलच्या पेल्याने पडते आणि मधले भोक सरबताच्या बाटलीच्या झाकणाने. मैद्याचा जाड गोळा बाहेरून तांबूस झाला तरी पोटात कच्चा राहतो, म्हणून ते भोक. हॅन्सन ग्रेगरी नावाच्या एका अमेरिकन खलाशाने ही युक्ती आपल्याला 1847 साली सुचल्याचे पुढे सांगितले होते. मेदूवडे थापणाऱ्या कोणत्याही बाईला त्याचे फारसे कौतुक वाटेल असे मला वाटत नाही.

प्रश्न उरतो तो झाकणात अडकून निघालेल्या गोळ्यांचा. पुष्कळजणी ते एकत्र करून पुन्हा लाटतात. मी लाटू देत नाही. पुन्हा लाटलेला मैदा चिवट होतो, हे मी भाचीला सांगितलेले कारण. खरे कारण असे की ते गोळे तसेच तळले म्हणजे हुबेहूब गुलगुल्यांसारखे दिसतात.

आखाडात आमच्या घरी तळण होई तेव्हा आजी गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून त्यात बडीशेप घालीत असे, आणि ते पीठ मुठीत घेऊन अंगठ्याने एकेक गोळा कढईत सोडीत असे. गोळा तळाशी जाई, वर येई आणि तांबूस झाला की आपणहून कूस बदली. डोनटला ते जमत नाही. तो तेलावर पसरून तरंगतो, त्याला काडीने उलटावे लागते आणि उलटल्यावरही त्याच्या कमरेला पांढरा पट्टा राहतोच. मी कॉलेजात असताना सीताबर्डीहून एकदा डोनट आणला होता. आजीने तो बराच वेळ फिरवून पाहिला आणि विचारले, "अवं, याचा मधला गोया कोनं खाल्ला?"

पहिला घाणा नेहमीप्रमाणे बिघडला. तेल फार तापले होते. आच कमी केल्यावर पुढचे बरे निघाले आणि भाचीने ते पिठीसाखरेत घोळले. गोळे मी शेवटी तळले. आजी पहिला गुलगुला अग्नीला म्हणून चुलीत टाकीत असे; घरात गॅस आल्यावर तो बर्नरपाशी ओट्यावर ठेवू लागली. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी एक गोळा मी तिथे ठेवला, भाचीने तो कोणासाठी म्हणून विचारले, आणि मला चटकन उत्तर देता आले नाही. संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या.