कागद गेला, चिठ्ठी उरली

‘पेपर्स, प्लीज’ या गेमविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती हा गेम मनापासून आवडतो म्हणूनच आहे. लुकास पोप यांच्या २०१३ सालच्या या गेममध्ये आपण आर्स्टोत्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमानाक्यावर तपासनीस असतो. काळ १९८२ सालच्या अखेरीचा. योग्य निर्णय दिलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट मिळतात आणि भाडे, जेवण, घर गरम ठेवणे हे सारे त्यातूनच भागवायचे असते.

सुरुवातीची बनावट कागदपत्रे ओळखणे सोपे जाते. मुदत संपलेली असते किंवा फोटो भलत्याच माणसाचा असतो. जॉर्जी हा वल्ली तर ‘कोब्रास्तान’ या अस्तित्वातच नसलेल्या देशाचा, हाताने रंगवलेला पासपोर्ट घेऊन बिनदिक्कत खिडकीशी येतो. खरी डोकेदुखी पुढे सुरू होते. पासपोर्ट देणाऱ्या शहरांची नावेच पाहा: ग्लोरियन हे अँटेग्रियातले, तर ट्रू ग्लोरियन रिपब्लियातले, पूर्व ग्रेस्टिन आपले, पश्चिम ग्रेस्टिन कोलेचियाचे. घाईत वाचताना डोळा अर्धे नाव वाचून उरलेले स्वतःच भरतो. प्रवेश परवान्यावरचा पासपोर्ट क्रमांक मूळ क्रमांकाशी ताडतानाही तेच होते. तरीही ही फसवणूक मला मान्य आहे, कारण उत्तर अक्षरांत आणि अंकांत समोरच लिहिलेले असते. आपण नीट वाचले नाही, एवढेच.

शिक्क्यांबाबत मात्र मला हे पटत नाही. परवान्यावरचा शिक्का नियमपुस्तिकेतल्या नमुन्याशी जुळवायचा, तर आधी त्या चिमुकल्या टेबलावर पुस्तिका उघडायची, तिच्याखाली गेलेला परवाना ओढून बाहेर काढायचा आणि मग ठसठशीत ठिपक्यांनी काढलेल्या दोन चित्रांतला फरक शोधायचा, आणि तेवढ्यात घड्याळ पुढे सरकलेले असते. खऱ्या नाक्यावरही असेच असते, असे कोणी म्हणेल. पण खरा तपासनीस कागद उजेडात धरतो, शाईवरून बोट फिरवतो, भिंग लावतो. इथे त्यातले काहीच नाही. प्रत्येक शिक्का इतक्या बारकाईने पाहत बसले, तर संध्याकाळी सहापर्यंत मोजकीच माणसे होतात आणि घरी जेवण की ऊब, यातले एकच परवडते. गेमला हीच कोंडी हवी आहे, हे मला कळते, पण त्यासाठी नजरेची परीक्षा घ्यायला हवी होती का, याविषयी मला शंका आहे.

त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे चूक कळते तीही उशिरा. माणूस पलीकडे गेला की यंत्रातून खडखडत चिठ्ठी बाहेर येते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद आणि मग दंड. काय चुकले ते चिठ्ठीवर लिहिलेले असते, पण ज्या परवान्यात ते चुकले तो त्या माणसासोबतच गेलेला असतो. त्यामुळे तो बनावट शिक्का नेमका कुठे वेगळा होता, हे पुन्हा पाहण्याची सोयच उरत नाही, आणि खिडकीशी पुढचा माणूस तसलाच परवाना घेऊन उभा असतो.