भाड्याच्या गॅरेजची जमीन आणि उचलता येणाऱ्या टाइल्स

भाड्याच्या गॅरेजमध्ये सर्वात जास्त जपावी लागणारी गोष्ट म्हणजे जमीन. भिंतीला खिळा मारला तर भोक बुजवता येते, रंग खराब झाला तर पुन्हा हात मारता येतो. परंतु काँक्रीटच्या कोब्यात मुरलेले इंजिन ऑइल पूर्णपणे बाहेर काढण्याचा खात्रीचा उपाय मला तरी आढळलेला नाही. काँक्रीट दिसायला कितीही घट्ट असले, तरी त्याच्या आत केसाहून बारीक छिद्रांचे जाळे असते आणि सांडलेले तेल त्या वाटेने सावकाश खाली उतरत राहते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले सल्फ्युरिक आम्ल तर केवळ डाग पाडून थांबत नाही. ते सिमेंटमधील कॅल्शियमच्या संयुगांवर हल्ला करून पृष्ठभागच भुसभुशीत करते. जागा सोडताना अनामत रकमेवरून होणाऱ्या वादांत हे डाग हमखास पुढे येतात.

स्वतःच्या घरी यावर इपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या रसायनाचा, लेप हा उत्तम उपाय ठरतो. भाड्याच्या जागेत मात्र मी त्याच्या वाटेला जाणार नाही, कारण तो नीट धरावा म्हणून आधी काँक्रीटचा वरचा थर यंत्राने घासून किंवा आम्लाने खरखरीत करावा लागतो आणि तो काढायचा झाल्यास पुन्हा घासणीच करावी लागते. म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली आपण मालकाच्या जमिनीत कायमचा बदल करून बसतो. एकमेकींत अडकणाऱ्या सुट्या टाइल्सना ना गोंद लागतो, ना खिळा, ना स्क्रू. एका टाइलच्या कडेच्या खुंट्या शेजारच्या टाइलच्या कड्यांत बसतात, आणि त्या स्वतःच्या वजनाने व कडांच्या या पकडीने जागेवर राहतात. कडा चिकटवण्यासाठी दुहेरी चिकटपट्टी वापरण्याचा सल्ला काही जण देतात, पण तिचा गोंद काँक्रीटवर राहून जातो, म्हणून तो मोह टाळलेला बरा.

एक गोष्ट मात्र आरंभीच स्पष्ट करायला हवी: टाइल जमीन झाकते, पण ती जमीन राखतेच असे नाही. जाळीदार टाइलमधून तेल सरळ खाली जाते हे उघडच आहे, परंतु वरून अखंड दिसणाऱ्या टाइल्सचे सांधेही जलरोधक नसतात. सांध्यावर पडलेला तेलाचा थेंब त्यातून उतरतो, टाइलच्या पोटाशी पसरतो आणि कोणाच्याही नजरेस न पडता आठवडेच्या आठवडे मुरत राहतो. उघड्या जमिनीवर तोच थेंब त्याच दिवशी दिसला असता. म्हणून ज्या गाडीच्या इंजिनाखाली ठिबक आहे, तिच्याखाली टाइल्सच्या वर कड असलेला ट्रे ठेवणे मी अनिवार्य मानतो. ट्रे दिसायला शोभत नाही हे खरे, परंतु तेल अडवण्याचे काम तोच करतो. टाइल्स अडवतात त्या टायरच्या खुणा, पडलेल्या पान्यांनी उडणारे टवके, घासण्याचे ओरखडे आणि चिखल.

टाइल कोणत्या पदार्थाची आहे, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या टाइल्स कडक असतात, साधारण 12 ते 18 मिलिमीटर जाड असतात आणि त्यांच्या खाली लहान लहान पाय किंवा फासळ्या असल्यामुळे हवा खेळती राहते. बॅटरीच्या आम्लाला हा पदार्थ दाद देत नाही. गाडीच्या बॅटरीचे बाहेरचे कवच बहुधा याचेच बनवतात. दोष म्हणजे त्यांवरून चालताना खटखट आवाज होतो आणि गोठवणाऱ्या थंडीत त्या ठिसूळ होतात. लवचीक पीव्हीसीच्या टाइल्स तुलनेने पातळ, बहुधा 5 ते 7 मिलिमीटरच्या. त्या जमिनीला बिलगून बसतात, आवाज करत नाहीत आणि गुडघे टेकून काम करणाऱ्याला सुखद वाटतात. परंतु रबराचे ओझोनपासून रक्षण व्हावे म्हणून टायरमध्ये जी रसायने घातलेली असतात, ती या मऊ पीव्हीसीत शिरतात आणि टायर टेकतो तेथे तपकिरी डाग उमटतात. हे डाग धुऊन जात नाहीत, कारण रंग पृष्ठभागावर नसून आत उतरलेला असतो. त्यामुळे पीव्हीसी घ्यायची असेल, तर चाकांच्या पट्ट्यात काळा किंवा गडद राखाडी रंगच घ्यावा. फिकट रंगाची हौस कपाटाजवळ आणि कामाच्या टेबलाखाली भागवावी. व्यायामशाळेत दिसतात तशा फोमच्या टाइल्स गाडीखाली अजिबात चालत नाहीत. त्या दबतात आणि दबलेल्याच राहतात.

टाइल्स आणण्याआधी ओल तपासावी. साधारण 45 सेंटीमीटर लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा स्वच्छ जमिनीवर ठेवून त्याच्या चारही कडा टेपने बंद कराव्यात आणि किमान 16 तास तो तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले किंवा खालचे काँक्रीट गडद झाले, तर जमिनीतून ओल वर येते आहे असे समजावे. अशा ठिकाणी सपाट बुडाच्या टाइल्स किंवा त्यांच्याखाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओल कोंडून ठेवतो. मग कुबट वास, बुरशी आणि पृष्ठभागावर फुलून आलेले पांढरे क्षार हे सारे मागोमाग येते. ओलसर जमिनीला फासळ्यांच्या, शक्यतो जाळीदार टाइल्सच योग्य. जाळीतून लहान नट आणि वायसर खाली पडतात आणि ते शोधण्यासाठी चार टाइल्स उचलाव्या लागतात, हा त्रास गृहीत धरूनच त्या घ्याव्यात.

मालकाची परवानगी लेखी घ्यावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे टाइल्स पसरण्यापूर्वी रिकाम्या जमिनीची दिनांकासह छायाचित्रे काढून ती मालकाला पाठवून ठेवावीत. आधीपासून असलेल्या भेगा, गंजाच्या खुणा आणि तेलाचे जुने डाग एकदा टाइल्सखाली गेले, की ते कोणाच्या काळातले हे नंतर सांगता येत नाही.

हिशेब क्षेत्रफळावरून न करता ओळींवरून करावा. समजा, गॅरेज 3 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब आहे आणि टाइल 40 सेंटीमीटरची आहे. क्षेत्रफळाने भागल्यास 113 टाइल्स येतात. परंतु रुंदीत साडेसात टाइल्स बसतात, म्हणजे प्रत्येक ओळीला 8 लागतात, आणि 15 ओळींच्या 120 होतात. कापून उरलेला अर्धा तुकडा दुसरीकडे वापरू असे वाटते खरे, पण त्याच्या कडेला नेमकी कडी हवी तेथे खुंटी येते, किंवा दोन्ही नसतात. टाइलची लांबी भिंतीच्या मापाला अचूक भाग जाणारी असली, तरी कापणे टळत नाही, कारण भिंतीलगत मोकळी फट सोडावीच लागते. पॉलिप्रॉपिलीन तापमानाबरोबर बरेच प्रसरण पावते: दर मीटरला दर अंशामागे सुमारे एक दशांश मिलिमीटर, कधी त्याहून अधिक. 6 मीटरच्या लांबीत हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत 30 अंशांचा फरक धरला, तर जवळपास 2 सेंटीमीटरची वाढ होते. सांध्यांत थोडी सैल जागा असते, ती काही वाढ पोटात घेते. उरलेलीला भिंतीकडे वाट मिळाली नाही, तर मधल्या टाइल्स फुगून उभ्या राहतात. प्रत्येक भिंतीपासून एक सेंटीमीटर अंतर ठेवले, की हा प्रश्न मिटतो.

प्रत्यक्ष बसवणे हे या साऱ्यातले सर्वात सोपे काम आहे. जमीन झाडून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावी, दोरी ताणून मधोमध एक सरळ रेषा आखावी आणि तिच्या आधाराने ओळी लावत जावे. भिंतीच्या आधाराने लावू नये, कारण गॅरेजच्या भिंती क्वचितच अचूक काटकोनात असतात आणि एका टोकाचा किंचितसा तिरकेपणा दुसऱ्या टोकापर्यंत चांगलाच वाढतो. रबरी हातोड्याच्या ठोक्याने खुंट्या कड्यांत बसतात. पीव्हीसी धारदार कटरने कापली जाते, पॉलिप्रॉपिलीनला जिगसॉ, म्हणजे बारीक पात्याची विजेवरची करवत, लागतो. दाराकडे उताराच्या कडपट्ट्या लावाव्यात. मात्र त्याआधी शटर खाली आणून पाहावे, कारण शटरच्या तळाचे रबर टाइलवर टेकल्यास बाजूंनी पाणी आत येण्याइतकी फट राहते. शटरच्या रेषेच्या आतच टाइल्स थांबवणे मला अधिक पसंत आहे.

वजनाविषयी लोकांची भीती बहुधा चुकीच्या जागी असते. उभ्या गाडीचा भार टायर पसरवून देतो, आणि जमिनीवर येणारा दाब साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच राहतो; तो चांगली टाइल सहज पेलते. खरी परीक्षा घेतो तो दुचाकीचा साइड स्टँड, जो थोड्याशा जागेवर बराच भार टेकवतो, आणि त्याहून अधिक जॅकचे स्टँड. त्यांच्याखाली 18 मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा ठेवावा. गाडीखाली शिरून काम करायचे असेल, तर त्या जागेच्या टाइल्स उचलून स्टँड थेट काँक्रीटवर टेकवणे सर्वात सुरक्षित. टाइल्स सुट्या घेतल्या आहेत त्या याचसाठी. वेल्डिंग आणि ग्राइंडिंगही टाइल्सवर करू नये, कारण पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंशांच्या आसपास वितळते आणि ठिणग्या त्याहून कितीतरी तप्त असतात. पेट्रोल सांडल्यास वरून पुसून भागत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने फासळ्यांमधल्या पोकळीत साचून राहते, म्हणून शटर उघडून त्या भागातील टाइल्स लगेच उचलाव्यात.

वर्षातून एकदोनदा तरी चाकांच्या आणि इंजिनाखालच्या टाइल्स काढून खाली पाहावे. बारीक वाळू तेथे साचते, आणि गाडीच्या प्रत्येक येण्याजाण्याबरोबर ती टाइल व कोबा यांच्यामध्ये घासली जाते. उचलून झाडण्याला पर्याय नाही. तेल उतरलेले दिसले, तर त्यावर लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे आणि नंतर डिटर्जंटने घासावे. ताजा डाग बराचसा निघतो, जुना निघत नाही.

जागा सोडण्याची वेळ आली, की कडपट्ट्यांपासून सुरुवात करून ओळीने टाइल्स उचलाव्यात आणि शटर उघडे ठेवून जमीन एकदोन दिवस वाळू द्यावी. झाकलेले काँक्रीट थोडे गडद दिसते आणि ओलसर अवस्थेत मालकाने पाहिल्यास तो रंग डाग समजला जाण्याची शक्यता असते. टाइल्स धुऊन, वाळवून गठ्ठे बांधताना कापलेले तुकडे वेगळे ठेवावेत, कारण नव्या गॅरेजच्या एखाद्या भिंतीला ते जुळून येतात. कमी पडणाऱ्या टाइल्स मात्र त्याच उत्पादकाच्या आणि त्याच प्रकारच्या घ्याव्या लागतात, कारण दोन उत्पादकांच्या कड्या आणि खुंट्या एकमेकींत बसत नाहीत. त्यामुळे पहिल्याच खरेदीत दहाएक टाइल्स जास्तीच्या घेऊन ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.