पांढरी दोनची पुंगी

आयरिश टिन व्हिसल म्हणजे फूटभर लांबीची, सहा भोकांची धातूची नळी. तोंडाशी चोच असते, त्यामुळे फुंकर नेमकी कुठे लागावी या बासरीवाल्यांना रडवणाऱ्या प्रश्नातून सुटका. रॉबर्ट क्लार्क या इंग्रज शेतमजुराने १८४३ मध्ये पत्र्याच्या व्हिसल करून विकायला सुरुवात केली, आणि आयरिश लोकांनी ती पार आपलीशी केली.

सगळ्यात जास्त वाजते ती 'डी'ची, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी दोन. सगळी भोकं बंद केली की सा. खालून एकेक बोट उचलत गेलं की सरळ बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर. खरी गंमत पुढे आहे. वरची तीन बोटं ठेवून येणारा स्वर सा मानला, तर ती थेट आपली बासरी होते! सा पांढरी पाचवर जातो, सगळी भोकं बंद केल्यावर खालचा पंचम लागतो आणि सगळी उघडी ठेवली की तीव्र मध्यम. यमन रागाचे स्वर आयतेच हातात. शुद्ध मध्यमासाठी बासरीवाले वरचं भोक अर्धं झाकतात; व्हिसलवाले ते उघडंच ठेवून त्याच्या लगतची खालची दोन झाकतात.

मूर्च्छना, म्हणजे त्याच स्वरांतला दुसराच स्वर सा मानणं, म्हणून आपण जे कागदावर शिकतो, ते इथे बोटांखाली सापडतं. ई (पांढरी तीन) हा सा धरला की काफी, ए (पांढरी सहा) धरला की खमाज, बी (पांढरी सात) धरला की आसावरी. (थाट, म्हणजे नुसता सात स्वरांचा संच म्हणतोय, राग नव्हे, जाणकारांनी भुवया खाली घ्याव्यात.) कितीतरी आयरिश धुना याच तीन स्वरांवर मुक्काम करतात, म्हणून एका डीवर अख्खी मैफल निभावते.

अडतं ते गाणाऱ्यापाशी. त्याने काळी दोन सांगितली की डीची व्हिसल हात टेकते. अर्ध्या भोकांची कसरत करता येते, पण ही भोकं इतकी बारीक, की द्रुत लयीत तो हट्ट कशाला? सरळ ई फ्लॅटची, म्हणजे काळी दोनचीच, व्हिसल उचलावी. बोटं तीच, पट्टी नवी. आपले बासरीवादक बासऱ्यांची पिशवी घेऊन हिंडतात ते यासाठीच.

खर्जातल्या 'लो डी'चं, म्हणजे एक सप्तक खाली वाजणाऱ्या लांब व्हिसलचं, मूळ तर आपल्याकडेच येऊन टेकतं. आयरिश वादक फिनबार फ्युरी यांची लाडकी भारतीय बांबूची बासरी दौऱ्यात मोडली. ती दुरुस्त होईना, तेव्हा १९७१ मध्ये वाद्य बनवणाऱ्या बर्नार्ड ओव्हरटन यांनी तिच्या जागी धातूची बनवून दिली. आजची लो व्हिसल त्यातूनच आली. तिची भोकं एकमेकांपासून लांब लांब, म्हणून ती बोटांच्या टोकांऐवजी पेरांनी झाकतात. मोठी बासरी वाजवणाऱ्याला ही पकड नवी नाही. नवा वाटेल तो धातूचा गारठा. वाजवण्याआधी तिला चांगली ऊब द्यावी लागते, नाहीतर ती पांढरी दोनच्या जरा खालीच बोलते.