ॲबाचा ‘व्हॉयेज’ दोन आवाजांत: पाचवा आठवडा

मंडळी, ‘आय स्टिल हॅव फेथ इन यू’चं अडलेलं ध्रुवपद अखेर सुटलं. चूक माझ्या पट्टीत होती.

नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडक्यात: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी मी कीबोर्डवर आणि आक्का नि वहिनी गायला, असं तिघं मिळून ॲबा या स्वीडिश पॉप गटाचा ‘व्हॉयेज’ हा अल्बम बसवतोय. तो आला ५ नोव्हेंबर २०२१ ला. त्याआधीचा ‘द व्हिजिटर्स’ १९८१ चा. मधे चाळीस वर्षं. गटाच्या दोन गायिकांपैकी अग्नेथा तेव्हा ७१ वर्षांची, फ्रीडा ७५.

एवढ्या काळानं परतताना जुना चकचकाट उसना आणायचा मोह कुणालाही झाला असता. यांनी तो टाळला. ‘आय स्टिल हॅव फेथ’च्या सुरुवातीला फ्रीडाचा आवाज खालच्या सुरांत, जरा खरबरीत, श्वासासकट ऐकू येतो. मग याच अल्बममधलं ‘जस्ट अ नोशन’ लावा. त्यातलं गायन १९७८ चं आहे, साथसंगत तेवढी नवी. त्याच दोघी, एकाच अल्बममध्ये, तिशीच्या आसपासच्या आणि सत्तरीच्या. मी ही दोन गाणी लागोपाठ कितीदा ऐकली याला गणती नाही, आणि मला दरवेळी नवा आवाजच जास्त जवळचा वाटतो.

हे सगळं कळत असूनही मी ‘आय स्टिल हॅव फेथ’ पांढरी चार या चढ्या पट्टीत धरून बसलो होतो. वाटायचं, ध्रुवपद उठलं पाहिजे. वहिनीचा गळा तिथं आवळायचा, आक्का शेवटचा शब्द अर्ध्यात सोडायची. गेल्या रविवारी पावसानं गॅलरीचा पत्रा वाजत होता, रेकॉर्डिंग होण्यासारखं नव्हतंच, तेव्हा आक्का म्हणाली, “अरे, त्या बायकांनी वय झाल्यावर आवाज उतरवलाय, आणि तू आम्हाला वर कुठं चढवतोस? पट्टी उतर की जरा.”

खालची काळी दोन पट्टी धरली. एका बैठकीत ध्रुवपद बसलं. आवाज मोकळा सुटल्यावर जो भरीवपणा आला, तो चढ्या पट्टीत महिनाभर खपूनही आला नव्हता.

कोल्हापूरकरांना यात नवल वाटू नये. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब यांचा ऐन उमेदीत आवाज गेला होता. परत आला तो वेगळा. त्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली, आणि तीच आज जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून आपण ऐकतो.

आता दुसऱ्या आवाजाचं, म्हणजे आक्काच्या सुरासोबत वहिनी जी वेगळ्या सुरातली ओळ गाते तिचं. दोघी भजनात वाढलेल्या, त्यामुळं एका सुरात मिळायची सवय हाडात मुरलेली. आक्का षड्जावर (सा) थांबली की गंधारावरची (ग) वहिनी लांब स्वरात हळूहळू घसरत तिच्याकडं यायची. उपाय असा केला: वहिनीच्या हेडफोनमध्ये फक्त तिचीच ओळ, कीबोर्डवर वाजवलेली, रोज दहा मिनिटं. चौथ्या दिवसापासून ती ओळ बारीक करत नेली. आता हेडफोनशिवाय ती गंधार सोडत नाही. दोघींनी श्वास एकाच जागी घ्यायचा, हेही ठरवून टाकलंय. नाहीतर शब्दांची टोकं फाटतात.

‘डोंट शट मी डाउन’ बरं चाललंय. सुरुवातीचा संथ भाग संपून ठेका सुरू होतो, तिथं घाई होते, एवढंच.

पुढचं गाणं ‘कीप ॲन आय ऑन डॅन’. घटस्फोटित आई मुलाला शनिवार-रविवारसाठी बापाकडं सोडून निघते. चाल नाचरी आणि आत हे दुखणं. शेवटी पियानोवर त्यांच्याच १९७५ च्या ‘एसओएस’मधली सुरावट येते. ती ओळखल्यावर वहिनीनं गाणं थांबवायला लावलं आणि शेवट पुन्हा ऐकला, तीनदा. त्या सुरावटीचा उजवा हात आलाय. डावा अजून अडखळतो, तेव्हा या आठवड्यात तेवढंच.