भाकरी करणारी बाई: तैलरंगाचा दुसरा थर

चूल, पाटावर बसलेली बाई, तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवणारा हात. कॅनव्हास २० × २४ इंची. बर्न्ट अंबरमधलं (गडद तपकिरी रंगातलं) रेखाटन आणि निव्वळ टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाचा पहिला थर वाळलाय. दुसऱ्या थराला दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग जवसाचं तेल. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्तच हवं, नाहीतर पुढे तडे जातात.

बैठक आधी पक्की करावी. एक पाय मुडपलेला, दुसरा गुडघा उभा. भार मुडपलेल्या बाजूच्या कुल्ल्यावर. तव्याकडे गेलेल्या हाताचा खांदा खाली उतरतो. दोन्ही खांदे एका रेषेत आले की बाई फोटोला बसल्यासारखी दिसते. नऊवारी उभ्या गुडघ्यावर ताणलेली, मांडीखाली सैल. सगळीकडे सारख्या चुण्या काढल्या तर आतला पाय हरवतो. इथं म. वि. धुरंधर समोर ठेवावेत. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेल्या या चित्रकाराने प्रांतोप्रांतीच्या बायकांची नेसण जितक्या मायेने टिपली, तितक्याच नेमकेपणाने.

उजेड दोन: पाठीवर खिडकीचा निळसर, हनुवटी-मनगटावर जाळाचा तांबूस. जाळात पांढरा वाढवला की तो खडूसारखा फिका पडतो. त्यापेक्षा मागची भिंत गडद करावी. तिला आयव्हरी ब्लॅक नको, तो फार सावकाश वाळतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) पुरतात.

खरी गंमत हातात आहे. हात आडवा असल्यामुळे बांगड्या मनगटावर वरून टेकतात आणि खाली फट राहते. ती फट गडद दाखवली नाही तर बांगड्या कातडीवर रंगवल्यासारख्या वाटतात. प्रत्येक बांगडीचा कल थोडा वेगळा ठेवावा. भाकरीवर पाणी फिरलेला भाग गडद राखी, न पोचलेलं पीठ फिकट. त्यासाठी रॉ अंबर (हिरवट तपकिरी), टायटॅनियम व्हाइट आणि कणभर अल्ट्रामरीन. बोटांवरचं पीठही शुद्ध पांढरं नसतंच. तो पांढरा फक्त एका पेरावर.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो. मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या ठोकाव्यात, आणि ओल आलेल्या भिंतीला चित्र टेकवू नये, बुरशी धरते.

चेहरा बाकी आहे. पापण्या झुकलेल्या, त्यामुळे बुबुळ जवळपास दिसणार नाही. खालच्या पापणीच्या कडेला जाळाची तांबूस रेघ तेवढी येईल. त्याआधी हा थर नखाला चिकटेनासा व्हायला हवा.